‘क’ जीवनसत्त्व : किती घ्यावे, कोणी जपून घ्यावे



गेल्या गळीत हंगामात, फेब्रुवारीच्या अखेरीस, वजनकाट्याजवळ ट्रॅक्टरांची मोठी रांग लागली होती. सभासदांच्या अडचणी टिपून घेत आम्ही रांगेच्या कडेने चाललो होतो. एका ट्रॉलीच्या सावलीला आपले एक ज्येष्ठ सभासद बसले होते. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना नुसते तात्या म्हणू. तात्यांनी बंडीच्या खिशातून नारिंगी गोळ्यांची पट्टी काढली आणि पाहुण्याला सुपारी द्यावी तशी एक गोळी आमच्यापुढे केली.

“घ्या, व्हिटॅमिन सी हाय. कोरोनापास्नं चालूच हाय माझं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. आंबट-ग्वाड लागतंय, तहान बी मारली जाती.”

आम्ही ती घेतली आणि चघळलीही, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्यात एका रात्री तात्यांच्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ उठली, की घरच्यांनी त्यांना जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत खडा दिसला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या : दिवसाला पाणी किती पिता, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत? तात्यांनी पट्टी दाखवली. डॉक्टर म्हणाले, “काका, या बंद. पाणी वाढवा आणि रोज लिंबू-पाणी घ्या.”

तात्या बरे झाले, पण कोड्यात पडले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “एका त्वांडानं म्हणत्यात व्हिटॅमिन सी बंद, दुसऱ्या त्वांडानं म्हणत्यात लिंबू पी. लिंबात त्येच असतंय नव्हं? तेवढं एकदा पत्रिकेत छापा.”

प्रश्न रास्त आहे. शिवाय आम्ही चौकशी केली तेव्हा आढळले की, कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांत अशी पट्टी फळीवर असते आणि पोरेसुद्धा ती गोळ्या-चॉकलेटासारखी खातात. म्हणून हा लेख.

साखरेचे भावंड

‘क’ जीवनसत्त्व, ज्याला डॉक्टर व्हिटॅमिन सी किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल म्हणतात, ते आपल्या धंद्याच्या फार जवळचे आहे. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली हा पदार्थ प्रथम वेगळा काढला, तेव्हा तो साखरेच्या जातीचा आहे एवढेच त्यांना कळले होते. बाकी काही ठाऊक नव्हते. म्हणून ‘मला माहीत नाही अशी साखर’ या अर्थाचे एक थट्टेचे नाव त्यांनी सुचवले. मासिकाच्या संपादकाला ती थट्टा रुचली नाही. पुढे हंगेरीतल्या त्यांच्या गावच्या मिरचीपासून त्यांनी तो भरपूर प्रमाणात काढला आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीपासून, लिंबापासून नव्हे, हे ध्यानात ठेवा. त्यावर पुढे येऊच.

आज गोळीत जे जीवनसत्त्व असते ते कारखान्यात ग्लुकोजपासून तयार करतात. १९३३ साली स्वित्झर्लंडमध्ये ही रीत निघाली. आपल्या उसाच्या साखरेचाही निम्मा भाग ग्लुकोजच असतो. तेव्हा गोळीला संत्र्याचा वास येतो म्हणून ती संत्र्यापासून केली, असे समजू नये. वास आणि रंग वेगळा घातलेला असतो.

आणखी एक गंमत. गाय, म्हैस, शेळी, कुत्रे ही जनावरे हे जीवनसत्त्व आपल्या यकृतात, ग्लुकोजपासूनच, स्वतः तयार करतात. बैलाला कधी लिंबू लागत नाही. माणसाच्या शरीरातली ती सोय मात्र पूर्वजांच्या काळीच बंद पडली. त्यामुळे आपल्याला ते रोज बाहेरून आणावे लागते आणि साठाही फारसा करता येत नाही.

बाहेरून मिळाले नाही तर काय होते, ते जुन्या काळचे दर्यावर्दी जाणत होते. महिनोन् महिने वाळलेले पाव आणि खारवलेले मांस खाऊन त्यांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या इंग्रज आरमारातल्या डॉक्टराने ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशी घेतले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेल्या जोडीतला एक जण सहा दिवसांत उठून कामाला लागण्याजोगा झाला. आपण शेतात प्लॉट पाडून खताची चाचणी घेतो, त्यातलाच हा प्रकार.

गरज केवढी?

स्कर्व्ही टाळायला दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम पुरतात. प्रकृती चांगली राहावी म्हणून अर्थातच जास्त लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जे प्रमाण ठरवले, त्यात प्रौढ पुरुषाला ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५, गरोदर स्त्रीला ८० आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला ११५ मिलिग्रॅम सांगितले आहेत. लहान मुलांचे काम तीस-पस्तीसमध्ये भागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला सुमारे ३५ मिलिग्रॅम जादा लागतात, कारण धुरात हे जीवनसत्त्व जळते म्हणा ना.

आता गोळीकडे पाहा. साधी चघळायची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका गोळीत गड्याची सहा दिवसांची बेगमी झाली. तात्या रोज चार खात होते. दिवसाला २००० मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस दिवसांचा शिधा रोजच्या रोज! आणि २००० हीच प्रौढ माणसासाठी घातलेली वरची हद्द आहे. ती ओलांडली की मळमळ, पोटात मुरडा, जुलाब असे त्रास सुरू होतात. मुलांची हद्द तर फारच खाली आहे. अमेरिकेतल्या तक्त्यात एक ते तीन वर्षांच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा दिली आहे. म्हणजे आजोबांनी लाडाने दिलेली एकच गोळी नातवाला हद्दीपलीकडे नेते. हे वाचून ज्यांच्या फळीवर पट्टी आहे त्यांनी ती आधी वर ठेवावी आणि मग पुढे वाचावे.

जादा जाते कुठे?

“जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, त्यात काय बिघडलं?” असे पुष्कळजण म्हणतात. अर्धी गोष्ट खरी आहे. जेवणातून शंभरेक मिलिग्रॅम मिळाले तर त्यातले बहुतेक अंगी लागते. हजाराच्या वर एकदम घेतले तर निम्मेही आत शिरत नाही, आणि शिरलेल्यातलेही बरेचसे मूत्रपिंड बाहेर टाकते. युरियाचे असेच आहे. पिकाला जेवढा लागतो तेवढाच मूळ ओढते, बाकीचा पाण्याबरोबर चारीला जातो. पण तो काही न करता जातो असे थोडेच आहे? उशिरा टाकलेल्या जादा युरियाने ऊस नुसता काळोखीला येतो आणि साखर उतारा पडतो, हे आपल्याला शेती खात्याने शंभरदा सांगितले आहे.

इथेही जाता जाता एक गोष्ट घडते. या जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात मोडून त्याचे ऑक्झॅलेट बनते. ऑक्झॅलेटची लघवीत कॅल्शियमशी गाठ पडली आणि लघवी दाट असली, की खडे धरतात. मुतखड्यांतले बहुसंख्य खडे याच जातीचे असतात. आपल्याकडे लघवी दाट व्हायला काय लागते? मार्च-एप्रिलचे ऊन, उसाच्या फडातला कोंडमारा, रांगेत ट्रॅक्टर सोडून जाता येत नाही म्हणून न प्यालेले पाणी, वर चार कप चहा. तात्यांची तहान गोळीने “मारली” जात होती. म्हणजे खड्याला दोन्ही बाजूंनी खतपाणी चालू होते.

स्वीडनमध्ये २३ हजारांहून अधिक पुरुषांची सरासरी ११ वर्षे पाहणी झाली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. तिथे गोळी बहुधा १००० मिलिग्रॅमची असते. घाबरवायचे म्हणून आम्ही हे सांगत नाही. गोळी घेणाऱ्या शंभरातल्या तिघा-चौघांना खडा झाला, न घेणाऱ्या शंभरातल्या दोघांना. स्त्रियांच्या बाबतीत अमेरिकेतल्या पाहणीत असा स्पष्ट संबंध दिसला नाही. तात्यांच्या डॉक्टरांनीही, खडा गोळ्यांमुळेच झाला, असे छातीठोक सांगितले नाही. पण स्वीडन थंड देश. आपल्या उन्हात ही जोखीम फुकट का पत्करावी, एवढाच मुद्दा.

तात्यांचे कोडे

मग लिंबू कसे चालते? गोळीत आणि लिंबात दोन वेगळी आम्ले मुख्य आहेत. गोळीत अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व. लिंबाचा आंबटपणा मात्र सायट्रिक आम्लाचा. हे सायट्रिक आम्ल सायट्रेटच्या रूपात लघवीत उतरते, कॅल्शियमला धरून ठेवते आणि ऑक्झॅलेटशी त्याची जोडी जमू देत नाही. म्हणून खडेवाल्याला लिंबू-पाणी सांगतात. आंबट तेवढे सगळे ‘क’ जीवनसत्त्व, हा समज मुळातच चुकीचा. चिंच किती आंबट, पण तिच्यात हे जीवनसत्त्व नावालाच.

आणि लिंबात तरी ते किती? १०० मिलिलिटर रसात ५० मिलिग्रॅमच्या आसपास. कागदी लिंबाचा रस निघतो पंधरा-वीस मिलिलिटर. म्हणजे एका लिंबातून सात ते दहा मिलिग्रॅम. आम्हाला स्वतःला हे वाचून आश्चर्य वाटले. जन्मभर लिंबाला मोठा मान दिला, आणि खरा धनी निघाला पेरू. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर ‘क’ जीवनसत्त्व असते. राहात्याचा असो की आपल्या परसातला, अर्धा पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागली. आवळ्यात जातीप्रमाणे आणि मोजणीप्रमाणे १०० ग्रॅमला अडीचशेपासून सहाशेपर्यंत आकडे मिळतात. एक मध्यम आवळा पुरे. शेवग्याचा पाला, शेवग्याची शेंग, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, पपई, मोसंबी, मेथी, कोबी, टोमॅटो ही सगळी या कामाला येणारी मंडळी. हंगेरीच्या शास्त्रज्ञाला मिरचीत घबाड सापडले ते उगीच नव्हे.

उसाचा रस? नाही. त्यात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच, आणि काहिलीत उकळल्यावर गुळात काय उरणार! रसवंतीवाला लिंबू पिळतो तेवढेच.

हे जीवनसत्त्व नाजूक आहे. उष्णता, हवा आणि तांबे हे त्याचे वैरी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात टाकून ठेवू नये. झाकण ठेवून बेताची शिजवावी. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालण्याची काही घरांत पद्धत आहे, तिने हे जीवनसत्त्व हमखास जाते. लिंबू पिळायचे ते पातेले चुलीवरून उतरल्यावर. आणि सरबत, लोणचे तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नये. लिंबू-पाण्यात साखर बेताने घालावी, असे साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना आमची लेखणी जरा अडखळते, पण मधुमेही सभासदांची संख्या पाहता लिहिणे भाग आहे.

सर्दी आणि कोरोना

लिनस पॉलिंग हे दोनदा नोबेल मिळवलेले अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सर्दीवर हे जीवनसत्त्व ग्रॅमच्या मापात घ्या असे सांगितले, आणि जगभर गोळ्यांचा खप वाढला. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला. रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. वर्षभर घेणाऱ्याची सर्दी जराशी लवकर आटोपते, मोठ्यांत सुमारे आठ टक्के, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. नाक वाहायला लागल्यावर सुरू केली तर खात्रीचा उपयोग दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे जवान यांना मात्र फायदा झाला. कोरोनात औषध दुकानांतून या गोळ्या नाहीशा झाल्या होत्या. त्या काळच्या आणि नंतरच्या चाचण्यांत मोठ्या मात्रेचा काही लाभ सिद्ध झाला नाही. भीतीपोटी घेतल्या, त्यात कोणाची चूक नाही. पण साथ सरून वर्षे झाली, आणि पट्टी अजून खिशात आहे.

कोणी विशेष जपावे

ज्यांना एकदा खडा झाला आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. पेरू आणि आवळ्याला सहसा आडकाठी नाही, पण डायलिसिस चालू असलेल्यांनी फळेसुद्धा विचारूनच खावीत. थॅलॅसेमियाचे रुग्ण आणि वारंवार रक्त भरावे लागणारे यांच्या शरीरात लोह साठलेले असते, आणि हे जीवनसत्त्व लोह अधिक ओढून घेते, म्हणून त्यांनाही मनाई. मधुमेह्यांनी ध्यानात ठेवायचे असे की, मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा खोटा दिसतो, आणि लघवीच्या पट्टीवर असलेली साखर दिसत नाही. तपासणीला जाताना गोळी चालू असल्याचे सांगावे. पाण्यात फसफसणारी जी गोळी असते तिच्यात सोडियम असते, ती रक्तदाबवाल्यांच्या कामाची नाही. आंबट गोळी तासन् तास गालात धरल्याने दातांचे वरचे कवच झिजते, हा आणखी एक तोटा.

पण डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेली गोळी, जखम किंवा शस्त्रक्रियेनंतर असो वा लोहाच्या गोळीबरोबर असो, ती हा लेख वाचून बंद करू नये. उलट, अंगात रक्त कमी असलेल्या आमच्या भगिनींना हे जीवनसत्त्व मोठे उपकारक आहे. बाजरी, मेथी, डाळी यांतले लोह ते अंगी लावते. आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया. तीच लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी किंवा वर पेरूची फोड खावी. चहा तास-दोन तासांनी.

शेवटी एक गोष्ट राहिली, ती लिहिताना थोडे अवघड वाटते. ज्यांना या गोळ्यांची गरज नाही त्यांच्या खिशात त्या आहेत, आणि कमतरता व्हायची तर ती कुठे होईल? घरात एकट्या राहणाऱ्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत. दारूपायी जेवण सुटलेल्यांत. आणि आपल्याच फडात उतरलेल्या तोडणी टोळ्यांत. पाच-सहा महिने कोपीवर भाकरी, ठेचा, कोरड्यास. पहाटे भाजी आणायला वेळ कोणाला? कोयत्याने हात कापतो, पाचट चिरते, आणि जखम भरायला हेच जीवनसत्त्व लागते. ठेच्यातल्या मिरचीतून थोडे मिळते, पण मिरची खाऊन खाऊन किती खाणार? आपल्या बहुतेकांच्या बांधावर पेरू, शेवगा किंवा लिंबोणी आहे. हंगामात पेरू झाडाखाली सडून जातात, हे आम्ही पाहिले आहे. टोळीतल्या पोरांनी दोन तोडले तर राखणदाराने अंगावर धावून जाऊ नये. उलट, मुकादमाकडे पाटीभर पाठवावेत.

तात्यांनी औंदा विहिरीजवळ लिंबोणी आणि सरदार पेरूची चार कलमे लावली आहेत. पाण्याची दोन लिटरची बाटली ट्रॅक्टरला बांधलेली असते. ती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली की नाही, हे सूनबाई बघतात. उरलेल्या पट्ट्यांचे काय केले, असे आम्ही विचारले. त्यातल्या काही गोळ्यांना तपकिरी डाग पडले होते, त्या टाकून दिल्या. ज्यांच्याकडे अशा डागाळलेल्या गोळ्या असतील त्यांनीही टाकून द्याव्यात. हवा आणि दमट लागून त्यांतले जीवनसत्त्व केव्हाच उतरलेले असते.